काशीच्या दक्षिणेचे रान : झाडे, वेली आणि नेचे ओळखण्याची रीत

वाराणसी शहराच्या हद्दीत जंगल उरलेले नाही. वरुणा आणि असी यांच्यामधली जमीन गंगेच्या गाळाची, आणि ती शेकडो पिढ्या नांगराखाली आहे. पुराणांतले आनंदवन आणि पाली ग्रंथांतले सारनाथचे मृगदाव या दोन्ही ठिकाणी आज दिसतात त्या बागा, आमराया आणि माणसाने लावलेली झाडे. आपोआप वाढलेले रान पाहायचे तर गंगा ओलांडून दक्षिणेकडे निघावे लागते. चकिया मागे पडले की सपाटी संपते आणि कैमूरच्या वालुकाश्माचे कडे सुरू होतात. शहरापासून साधारण 70 किलोमीटरवर चंद्रप्रभा अभयारण्य आहे. क्षेत्र 78 चौरस किलोमीटर, आत राजदरी आणि देवदरी हे दोन धबधबे. 1997 मध्ये चंदौली जिल्हा वेगळा निघेपर्यंत हा सगळा भाग वाराणसी जिल्ह्यातच मोडत असे. पूर्वी ही बनारसच्या महाराजांची शिकारीची राने होती. ‘चंद्रकांता’ ही गाजलेली हिंदी कादंबरी लिहिणारे देवकीनंदन खत्री यांनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते, आणि कादंबरीचे कथानकही याच मुलखात घडते. 1957 मध्ये गीरचे तीन सिंह इथे आणून सोडण्यात आले. त्यांची संख्या अकरापर्यंत वाढली, पण 1965 नंतर ते दिसेनासे झाले. झाडे मात्र टिकून आहेत.

चॅम्पियन आणि सेठ यांनी 1968 मध्ये भारतीय जंगलांचे वर्गीकरण केले. त्यात हे रान ‘उत्तरेकडील उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी’ या गटात येते. विदर्भातली बरीचशी जंगले त्याच वर्गीकरणातल्या दक्षिणेकडील शुष्क पानझडी गटातली. त्यामुळे गोंदिया-चंद्रपूरकडच्या माणसाला चंद्रप्रभेत बहुतेक झाडे ओळखीची भेटतात : टेंभुर्णी, मोह, चार, ऐन, धावडा, पळस, सालई. मोठा फरक सागाचा. विदर्भात साग मूळचा आहे, इथे दिसतो तो वनखात्याने लावलेला. उलट दक्षिणेला सोनभद्रकडे जावे तसे सालवृक्षाचे पट्टे लागतात, आणि साल महाराष्ट्रात सहसा पाहायला मिळत नाही. पाऊस वर्षाला सुमारे 1000 मिलिमीटर, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कड्यांवर माती वीतभर. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि लू वाहते.

वनस्पती ओळखण्याच्या कामावर या हवामानाचा थेट परिणाम होतो. शाळेत शिकवली जाणारी ओळख पानावरून सुरू होते, आणि इथे वर्षातले चार-पाच महिने कित्येक झाडांवर पानच नसते. पळस, सावर, गणेरी फुलतात तेव्हा निष्पर्ण असतात. पान येते तेव्हा फूल झडून गेलेले असते. म्हणून एका भेटीत एका खुणेवर नाव ठरवण्याची सवय इथे चालत नाही. साल, पानांची मांडणी, चीक, फूल आणि फळ अशा पाच खुणा वेगवेगळ्या ऋतूंत गोळा कराव्या लागतात, आणि त्या एकमेकींशी जुळल्या तरच नाव पक्के होते. पुढचे विवेचन ऋतूंच्या क्रमाने, म्हणजे पानगळीपासून पावसाळ्यापर्यंत जाते.

साल : पानगळीतली पहिली खूण

1848 च्या सुरुवातीला जोसेफ डाल्टन हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ शोण नदीच्या खोऱ्यातून कैमूर ओलांडून मिर्झापूरला आणि तिथून गंगेने बनारसला आला. 1854 मध्ये निघालेल्या त्याच्या ‘हिमालयन जर्नल्स’मध्ये या प्रवासाची हकिगत आहे. तो आला ते दिवस पानगळीचे. तेव्हाही आणि आजही या दिवसांत पहिली नजर टाकायची ती खोडाच्या सालीवर.

ऐन (बनारसकडे असना किंवा साज) याची साल काळपट, जाड आणि उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोनी खवल्यांत फाटलेली असते. धावड्याची साल अगदी उलट : गुळगुळीत, राखी-पांढरी, आणि जिथून पातळ कपची गळून पडली तिथे उथळ खळगा. हे दोन वृक्ष बहुधा शेजारी वाढतात, आणि दहा पावलांवरून नुसत्या खोडावर वेगळे सांगता येतात. मराठी वाचकाने एक जपावे. इकडचा ‘असना’ म्हणजे आपला ऐन. महाराष्ट्रात आसाणा म्हणतात ते ब्रायडेलिया हे वेगळ्या कुळातले झाड.

पांढऱ्या खोडांतही फरक आहे. कड्याच्या टोकावर, माती जवळजवळ नसलेल्या जागी कहांडळ उभे असते. त्याची साल पांढरट, कागदासारखी पातळ पापुद्र्यांनी सुटणारी, आणि त्याच्याच डिंकाला बाजारात कराया म्हणतात. सालईची सालही पापुद्र्यांनी सुटते, पण खालचा थर हिरवट राखी दिसतो, आणि जखमेतून झिरपणाऱ्या राळेला धुपाचा वास येतो. मोई, म्हणजे इकडचा जिगन, हाही याच सुमारास निष्पर्ण असतो. त्याची बाहेरची साल राखी आणि आतली लालसर. टेंभुर्णी आणि चार यांच्या साली दोन्ही काळ्या आणि चौकोनी भेगांच्या, त्यामुळे तिथे निव्वळ सालीवर विसंबून चालत नाही. टेंभुर्णीचे जुने फळ फांदीवर राहिले असेल तर त्याच्या बुडाशी घट्ट चिकटलेला, फळाबरोबर वाढलेला निदलपुंज दिसतो. चारोळीच्या फळाला तसा नसतो.

खैराकडे जाताना काटे पाहावेत. खैराचे काटे पानाच्या देठाच्या बुडाशी जोडीने येतात आणि आकड्यासारखे वळलेले असतात. बाभळीचे लांब, सरळ आणि पांढरे. खैराच्या गाभ्याचे लाल लाकूड उकळून कात काढतात. बनारसच्या पानाचा रंग ज्या कातावर अवलंबून, तो याच झाडाचा. नव्या ग्रंथांत खैर अकेशिया वंशातून काढून सेनेगालिया वंशात घातला आहे. धावड्याचा अ‍ॅनोजिसस हा वंश आता ऐनाच्या टर्मिनॅलिया वंशात विलीन झाला आहे. जुनी आणि नवी पुस्तके एकत्र वापरताना ही नावे ताडून घ्यावी लागतात.

फाल्गुन ते ज्येष्ठ : फुले आणि फळे

होळीच्या आगेमागे ओळखण्याचे काम सर्वांत सोपे होते. पळसाची केशरी फुले, सावरीची जाड पाकळ्यांची लाल फुले, गणेरीची मोठी पिवळी फुले, आणि ओढ्याकाठच्या धायटीच्या लालभडक नळ्या. गणेरी, म्हणजे इकडची गलगल, सावरीची दूरची नातलग. पाच-पाच पाकळ्या दोघींना, पण गणेरीचे फूल पिवळेधमक आणि पुंकेसरही पिवळे. सावरीच्या तरुण खोडावर शंकूसारखे काटे असतात, गणेरीला नसतात.

मोह मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. पाने फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात, आणि पान तोडले की पांढरा चीक निघतो. फुलाचा मांसल, फिकट पिवळसर पाकळ्यांचा कप पहाटे गळून खाली पडतो. झाडाखालची जमीन साफ करून ठेवलेली दिसली की ते झाड मोहाचे, हे गावकऱ्याला सांगावे लागत नाही. साल वृक्ष याच सुमारास बहरतो. त्याचे फळ जूनमध्ये पिकते. निदलांपासून झालेले पाच पंख, तीन लांब आणि दोन आखूड. सालाचे बी जेमतेम आठवडाभर रुजण्याजोगे राहते, म्हणून पहिल्या पावसाच्या तोंडावरच ते गळते. ऐनाच्या फळालाही पाच पंख असतात, पण ते फळाच्या अंगावर उभे, रुंद आणि सारख्या लांबीचे. पंखांची संख्या सारखी असली तरी पंख कुठून उगवले हे पाहिले की घोटाळा राहत नाही.

मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे टेंभुर्णीचे पान, तोडण्याचा हंगाम. विडीसाठी हवे असते ते कोवळे, रुंद पान, म्हणून झुडपे आधीच छाटून नवे फुटवे आणवतात. छाटलेल्या झुडपाचे पान आणि मोठ्या झाडाचे पान यांत आकाराचा बराच फरक पडतो. फुटव्यावरचे पान कितीतरी मोठे आणि मऊ लव असलेले. एकाच जातीची दोन पाने इतकी वेगळी दिसू शकतात, म्हणून नमुना घेताना झाडाचे वय आणि पान कुठून तोडले याची नोंद करतात.

पानांची मांडणी

पहिल्या पावसानंतर पानावरून ओळख करता येते. पहिला प्रश्न : पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक? दुसरा : पान साधे की संयुक्त? तिसरा : चीक आहे का, आणि कोणत्या रंगाचा?

तीन पर्णिकांचे पान म्हणजे पळस, असा झटपट निष्कर्ष काढणारा इथे हमखास फसतो. बेलाला तीन पर्णिका, पण काटे आहेत, आणि उजेडासमोर धरले की पानात तेलग्रंथींचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. तिवस या झाडालाही तीन पर्णिका, मात्र त्याची फुले फिकट गुलाबी-पांढरी आणि शेंग सांध्यांची. पांगाऱ्याला तीन पर्णिका आणि खोडावर काटे. पळसाची शेवटची पर्णिका रुंद, टोक गोल किंवा किंचित खाचेचे, आणि बाजूच्या दोन पर्णिका मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना असमान. पत्रावळी आणि द्रोण याच पानांचे होतात. पळसवेलीचे पानही तीन पर्णिकांचेच, पण ती झाडांवर चढणारी प्रचंड वेल आहे आणि तिच्या पर्णिका पळसापेक्षा मोठ्या असतात.

ऐन आणि अर्जुन हे एकाच वंशातले. अर्जुन पाण्याच्या काठी, गुळगुळीत फिकट सालीचा. ऐन डोंगरउतारावर, खडबडीत सालीचा. नुसते पान हातात असेल तर ग्रंथी शोधाव्यात. अर्जुनाच्या पानाच्या बुडाशी, देठ आणि पाते जुळतात तिथे, दोन लहान गाठी असतात. ऐनात त्या पानाच्या मागच्या बाजूला, मधल्या शिरेलगत, बुडापासून जराशा वर असतात. फळ मिळाले तर अर्जुनाचे पंख अरुंद, ऐनाचे रुंद.

हेदू आणि कळंब या जोडीत दोघांची पाने समोरासमोर, आणि दोघांना देठांच्या मधोमध उपपर्णे. फुले गोल चेंडूत. हेदूचे पान बुडाशी हृदयाच्या आकाराचे, टोकाला निमुळते, मागून मऊ, चेंडू पिवळा. कळंबाचे पान गोलसर, बुडाशी क्वचितच खाचेचे. उपपर्णे मोठी आणि पानासारखी. चेंडू पिवळसर पांढरा.

कुडा आणि कोरैया

इथली सर्वांत महत्त्वाची गफलत कुड्याची. पांढरा कुडा (होलॅऱ्हीना) आणि काळा कुडा (राइटिया) दोन्ही लहान झाडे, पाने समोरासमोर, पान तोडले की पांढरा चीक, फुले पांढरी. बनारसकडे दोघांना कोरैया म्हणण्याचा प्रघात आहे. शहरातल्या खोजवां आणि कश्मीरीगंज भागांत लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी घडवली जातात, त्यांच्यासाठी परंपरेने कोरैयाचेच लाकूड वापरत. ते मिळणे अवघड झाल्यावर कारागीर निलगिरीकडे वळले. आयुर्वेदात अतिसारावरचा कुटज म्हणजे पांढरा कुडा. त्याच्या सालीत आणि बियांत जे गुण मानले जातात ते काळ्या कुड्यात त्या प्रमाणात नाहीत. म्हणून भेसळीचा प्रश्न येतो.

फुलात डोकावले तर उत्तर मिळते. राइटियाच्या फुलाच्या कंठाशी पाकळ्यांखेरीज झालरीसारख्या खवल्यांचे एक वलय असते. होलॅऱ्हीनाच्या फुलात ते नसते, कंठ मोकळा. शेंगांची मांडणीही वेगळी. दोघांच्या शेंगा जोडीने लोंबतात. पांढऱ्या कुड्याच्या लांब, बारीक शेंगा पहिल्यापासून सुट्या असतात. काळ्या कुड्याच्या दोन शेंगा टोकाशी जुळलेल्या असतात आणि पिकल्यावर सुटतात. बीच हाती असेल तर त्याच्यावरचा केसांचा झुबका कोणत्या टोकाला आहे ते पाहावे. दोन्ही वंशांत तो विरुद्ध टोकांना येतो. औषधासाठी साल विकत घेताना यातले काहीच दिसत नाही. म्हणूनच साल काढण्यापूर्वी झाड फुलात किंवा शेंगेत असताना खूण करून ठेवण्याची पद्धत जाणकार वैदू पाळतात.

झुडपे, वेली आणि परोपजीवी

उघड्या वालुकाश्माच्या उतारावर पारिजातक आपोआप वाढलेला सापडतो, हे महाराष्ट्रातल्या अंगणात तो पाहिलेल्यांना नवल वाटण्यासारखे आहे. फुले नसतानाही तो कळतो : कोवळी फांदी चौकोनी, पाने समोरासमोर आणि खरखरीत, हात फिरवला तर काचकागदासारखी. गेळफळाला सरळ, जोडीने येणारे काटे आणि फळाच्या डोक्यावर निदलांचा मुकुट. मुरुडशेंगेची पिळदार शेंग दुसऱ्या कशाशीही मिसळत नाही. घाणेरी, म्हणजे लँटाना, अमेरिकेतून आलेली. विंध्यातल्या जंगलांत ती दाट माजते तिथे मूळच्या झाडांची रोपे कमी होतात, असे काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या परिस्थितिकी-अभ्यासकांच्या पाहण्यांत आढळले आहे. तिची फांदीही चौकोनी आणि पान खरखरीत, म्हणून रोप लहान असताना पारिजातकाशी गल्लत होऊ शकते. पान चुरगळून वास घेतला की उग्र वासाने घाणेरी लगेच ओळखू येते.

वेलींत अनंतमूळ ही जास्त मागणीची. पातळ वेल, समोरासमोर पाने, चीक पांढरा. पाने कधी अरुंद, कधी रुंद; बहुधा मधल्या शिरेवर पांढरट पट्टा. मुळाला सुगंध. क्रिप्टोलेपिस ही दुसरी वेल तिच्यासारखीच दिसते आणि तिच्याच नावाने विकलीही जाते. तिची पाने मोठी, मागून फिकट, आणि मुळाला तो सुगंध नसतो. गुळवेलीतही दोन जाती आहेत. नेहमीच्या गुळवेलीचे पान गुळगुळीत, दुसरीचे मागून लव असलेले.

झाडावर वाढणारे प्रत्येक झाड परोपजीवी नसते. मोहाच्या खोडावर दिसणारे वांडा हे ऑर्किड फक्त आधार घेते. त्याची राखी, जाड मुळे सालीवरून पसरतात, आत शिरत नाहीत, पाने पट्ट्यासारखी. बांडगूळ मात्र फांदीत शोषक मुळे घुसवते, जोडाजवळ गाठ दिसते, पाने जाड व रुंद, फुले नळीसारखी केशरी-लाल. अमरवेल म्हणजे पिवळे धागे. पान नाही, मूळही जमिनीत राहत नाही.

जंगलाच्या तळाशी

आषाढात जमिनीतून कंदांचे कोंब वर येतात. काळ्या मुसळीची पिवळी सहा पाकळ्यांची फुले जमिनीलगत, पाने घडीदार आणि अरुंद. पांढरी मुसळी म्हणून विकल्या जाणाऱ्या क्लोरोफायटमची पांढरी फुले उंच दांड्यावर येतात. कळलावीच्या पानाचे टोक वेलतंतूत बदललेले असते. हे पाहिले की फुलाची वाट बघायची गरज नाही. तिच्या कंदात कोल्चिसीन हे विष असते, म्हणून खाण्याच्या कंदांशी गल्लत जिवावर बेतते. गुंजेचे लाल-काळे बी चावून फोडले गेले तर त्यातले अब्रिन घातक ठरते. बिब्याच्या झाडाखाली उभे राहणेही टाळतात, कारण त्याच्या रसाने कातडीवर फोड येतात. त्याचे पान फार मोठे, फांदीच्या टोकाशी झुबक्यात, आणि निघालेला रस हवेत काळा पडतो. चार त्याच्याच कुळातला, पण त्याचे पान लहान, जाड, टोकाशी बोथट. चारोळी गोळा करणाऱ्या नवख्याला हा फरक आधी शिकवतात.

शंखपुष्पी या एका नावाखाली दोन झाडे येतात. विष्णुक्रांतेची लहान निळी फुले, आणि फुलात दोन कुक्षिवृंत, प्रत्येक पुन्हा दुभंगलेला. कन्व्होल्व्ह्यूलसची फुले पांढरी-गुलाबी, कुक्षिवृंत एकच आणि त्याला दोन कुक्षी. साध्या दहापट भिंगाने हे दिसते.

नेचे

नेच्याला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. म्हणून फुलझाडांची रीत इथे सोडून द्यावी लागते. पाहायचे ते पुढीलप्रमाणे : खोड जमिनीखाली आडवे पसरते की झुबक्याने उभे राहते, देठावर खवले आहेत की केस, पान एकदा विभागले आहे की दोनदा, आणि पानामागचे बीजाणूंचे पुंज कुठे आहेत, त्यांवर झाकण आहे का. पुंज आलेले पान हाती नसेल तर नाव सांगण्याचा अट्टहास धरू नये. पावसाळ्याच्या सुरुवातीला पुंज अपक्व असतात. भाद्रपद-आश्विनात ते तपकिरी होतात, आणि तोच काळ योग्य.

राजदरी-देवदरीच्या ओल्या कातळांवर हंसराजाच्या, म्हणजे अ‍ॅडिअँटमच्या, जाती मिळतात. सर्वांची खूण काळी, चकचकीत काडी, आणि पानाची कड मागे दुमडून तिच्याखाली लपलेले पुंज. अ‍ॅडिअँटम फिलिपेन्सच्या पर्णिका अर्धचंद्रासारख्या आणि एका ओळीत. इन्सायझमच्या पर्णिका कातरलेल्या, आणि काडीवर लव. या दोन्हींच्या पानाचे लांबट टोक जमिनीला टेकले की तिथे मुळे फुटून नवे रोप होते. कॅपिलस-व्हेनेरिस ही तिसरी जात जास्त विभागलेली, पर्णिका पाचरीसारख्या. ती झरणाऱ्या पाण्याजवळ आणि जुन्या विहिरींत आढळते.

कोरड्या भेगांत मयूरशिखा उगवते. पान काडीच्या टोकावर पंख्यासारखे पसरलेले, बोटभर उंचीचे. एखाद्या ताडाचे रोप असावे असे पहिल्यांदा वाटते. फॅरिनोसा गटातल्या नेच्याच्या पानामागे पांढरी भुकटी असते. पान हातावर दाबले की तिचा ठसा उठतो, आणि ही खूण वाळलेल्या नमुन्यातही टिकते. ओढ्याच्या काठी क्रिस्टेला आणि अँपेलोप्टेरिस शेजारी वाढतात. क्रिस्टेलाचे पुंज मूत्रपिंडाकृती झाकणाचे. अँपेलोप्टेरिसच्या लांबलचक पानावर जागोजागी कळ्या येतात आणि त्यांतून नवी रोपे फुटतात. लायगोडियम हा वेलीसारखा चढणारा नेचा. त्याचा चढणारा भाग खोड नसून एकच, वाढतच राहणारे पान आहे. डबक्यांतली चार पर्णिकांची मार्सिलिया आणि पाण्यावर तरंगणारा अझोला हेही नेचेच, जरी पाहणाऱ्याला तसे वाटत नाही. ओल्या गवतात ऑफिओग्लॉसम सापडले तर एक पान आणि त्यातून निघालेली एक कणीसवजा काडी एवढीच खूण. याच वंशातल्या रेटिक्युलॅटम जातीत 1260 च्या आसपास गुणसूत्रे असल्याचे अब्राहम आणि निनान यांनी 1954 मध्ये दाखवले. ज्ञात सजीवांत ही संख्या सर्वांत मोठी मानली जाते.

विंध्याच्या कातळांवरची सर्वांत चर्चेतली वनस्पती संजीवनी, म्हणजे सेलॅजिनेला ब्रायोप्टेरिस. ती खरा नेचा नाही. नेच्यांच्याही आधी वेगळ्या झालेल्या शाखेतली आहे. पाने खवल्यांएवढी, चार ओळींत. बाजूच्या दोन ओळी मोठ्या, वरच्या दोन लहान. उन्हाळ्यात फांद्या आत वळून तपकिरी गोळा होतो, पाणी मिळाले की काही तासांत उलगडून हिरव्या होतात. हेच दाखवून विंध्य प्रदेशातल्या जत्रांत आणि जडीबुटीच्या दुकानांत ती विकतात. विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे की पाण्याने नुसते उलगडणे हे जिवंतपणाचे लक्षण नाही. मेलेल्या फांद्याही ओल्या झाल्या की पसरतात, फक्त हिरव्या होत नाहीत. रामायणातली संजीवनी हीच का, यावर गणेशय्या, वासुदेव आणि उमाशंकर यांनी 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून जी थोडी उमेदवार झाडे उरतात त्यांत हिला ठेवले.

रानापर्यंत जाणे न जमणाऱ्याला घाटांच्या भिंतीही बऱ्याच काही शिकवतात. चुनारच्या दगडांच्या सांध्यांत पिंपळाची रोपे, पिवळ्या फुलांची लिंडेनबर्जिया आणि टेरिस विटाटा हा नेचा उगवतो. टेरिसच्या एकदाच विभागलेल्या पानाच्या लांब पर्णिकांच्या दोन्ही कडांना पुंजांची सलग रेघ असते. हा नेचा जमिनीतले आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, असे 2001 मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. गंगेच्या खालच्या भागात, बलियासारख्या जिल्ह्यांत भूजलात आर्सेनिक असल्याने या शोधाला इथे वेगळे महत्त्व आहे.

नाव पक्के करणे

शेवटची पायरी ताडून पाहण्याची. या भागासाठी पायाचा ग्रंथ जॉन फर्मिंजर डथी यांचा गंगेच्या वरच्या मैदानाचा ‘फ्लोरा’, जो 1903 ते 1929 या काळात भागाभागांनी निघाला. पूर्वेकडच्या डोंगरांसाठी हेन्स यांचा बिहार-ओरिसाचा ग्रंथ उपयोगी पडतो. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची परंपरा जुनी आहे. बिरबल साहनी इंग्लंडहून परतल्यावर काही काळ इथे शिकवत होते, आणि भारतीय परिस्थितिकीचे जनक मानले जाणारे रामदेव मिश्र यांनी इथेच काम उभे केले. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रयागराज येथील मध्य प्रादेशिक केंद्र वाळलेल्या नमुन्यांशी तुलना करण्यासाठी जवळचे.

छायाचित्र काढताना पूर्ण झाड, साल, पानाची वरची व मागची बाजू, फांदीवरची मांडणी, फूल उघडून आणि फळ कापून अशी मालिका घ्यावी. नेच्याचा फोटो पानामागचे पुंज दाखवणारा नसेल तर निरुपयोगी. प्रत्यक्ष नमुना अभयारण्यातून आणायचा तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. ती नसताना एक फांदी तोडणेही गुन्हा ठरू शकतो. परवानगीने घेतलेला नमुना वर्तमानपत्राच्या कागदांत दाबून वाळवावा, सुरुवातीला कागद रोज बदलावा. चिठ्ठीवर जागा, उंची, जमिनीचा प्रकार, तारीख, झाडाची उंची, चिकाचा आणि फुलाचा ताजा रंग, स्थानिक नाव आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे. वाळल्यावर रंग आणि वास उडून जातात. चिठ्ठी नसेल तर नमुन्यावरून जात ठरवणे पुष्कळदा अवघड होते.

फुलात, फळात आणि पानगळीत अशा तीन अवस्थांतले एकाच झाडाचे नमुने किंवा छायाचित्रे जुळली, आणि ती ग्रंथातल्या वर्णनाशी व संग्रहातल्या नमुन्याशी पटली, तर नाव निश्चित मानावे. एखादी खूण जुळत नसेल तर फक्त वंशाचे नाव लिहून जातीची जागा रिकामी सोडावी, आणि पुढच्या हंगामात तेच झाड पुन्हा पाहावे.